गाव हाच धनी : गावाच्या उद्योगातील चाकरीचा विचार



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, गोमंतकीय मराठीच्या परंपरेवर व्याख्याने झाली. मला विषयाची मोकळीक मिळाली तेव्हा मी कार्यवाहांना कळविले की, गावाच्या मालकीच्या उद्योगात काम करणाऱ्याचे काम कशाने चांगले होते आणि कशाने बिघडते, याविषयी मला बोलायचे आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. एक कारण असे की, गावाच्या चाकरीविषयीचा आपल्या समाजाचा अनुभव शास्त्रग्रंथांपेक्षा भाषेतच अधिक साठलेला आहे. दुसरे कारण असे की, ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते आयुष्याची कित्येक वर्षे गावाचे पगारी चाकर होते. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

सामूहिक कर्तृत्वाविषयी मराठीत दोन म्हणी आहेत. 'गाव करी ते राव न करी' ही एक, आणि 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती?' ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, कारण दोन्ही अनुभवातून आल्या आहेत. मग तेच गाव एकदा रावाहून समर्थ आणि एकदा बारभाई का ठरते? माझे उत्तर थोडक्यात असे. धन्याला चार कामे करावी लागतात: माणूस नेमणे, काम समजावून देणे, मोबदला वेळेवर देणे आणि झालेले काम स्वतः पाहणे. एकटा मालक ही चारही कामे एका हाताने करतो. गाव मालक असले की ती चार हातांत विखुरण्याचा धोका असतो, आणि जिथे ती विखुरतात तिथे चाकराचे काम बिघडते. मग आपण दोष चाकराच्या स्वभावाला देतो.

आजचे व्यवस्थापनशास्त्र या प्रश्नाकडे निराळ्या वाटेने जाते. इंडोनेशियात २०१४च्या ग्रामकायद्याने गावाच्या मालकीच्या उद्योगांना मोठी चालना दिली आणि २०२१च्या नियमावलीने त्यांना स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व दिले. पाणीपुरवठा, पर्यटन, दुकान, पतपेढी असे हे उद्योग. तिथले अभ्यासक त्यांतील कर्मचाऱ्यांना प्रश्नावल्या देतात आणि वेतन, प्रशिक्षण, प्रेरणा, नेतृत्व, शिस्त यांपैकी कशाचा कामावर किती परिणाम होतो ते मोजतात. या यादीत खोट काढण्याजोगे काही नाही. मात्र धनी कोण, हे या यादीत गृहीत धरलेले असते, आणि गावाच्या उद्योगात नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

आपल्या भाषेतील एक शब्द पाहा. आज 'कामगार' म्हटले की गिरणीतला वा कारखान्यातला श्रमिक डोळ्यांसमोर येतो. परंतु जुन्या महसुली मराठीत 'गावकामगार पाटील' असा शब्दप्रयोग रूढ होता. गावाचा मुख्य मानकरी जो पाटील, तोही गावाच्या कामाचा माणूस, म्हणून कामगार. मोल्सवर्थच्या कोशात बलुतेदारांचे वर्णन गावाचे सार्वजनिक सेवक असे केलेले आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे अमक्या घराचे नोकर नव्हते, ते गावाचे होते. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ साली अठराव्या शतकातील महाराष्ट्रातील ग्रामसेवकांवर निबंध लिहिला, त्यातही प्रश्न हाच होता की हे लोक एकेका कुटुंबाला बांधलेले होते की संपूर्ण गावाला. त्यांचा कौल गावाच्या बाजूने पडला.

या चाकरीचा मोबदला खळ्यावर मिळे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. धान्य घरात गेल्यावर उरल्यासुरल्यातून बलुते दिले जात नसे; रास मोजली जात असताना, चारचौघांच्या देखत त्याचा वाटा बाजूला काढला जाई. पीक चांगले आले तर त्याचा वाटा वाढे, बुडाले तर त्याचाही बुडे. सुताराने नांगर वेळेवर दुरुस्त केला नाही तर त्याचा परिणाम त्याच्याच टोपलीत दिसे. आणि त्याच्या कामाविषयी कुणाला तक्रार असेल तर ती बोलून दाखविण्याची जागाही तीच. मोबदला, तपासणी आणि तक्रार एकाच दिवशी, एकाच ठिकाणी.

पण म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यास मी तयार नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला तेव्हाच या गाड्याची चाके किती झिजली आहेत हे दाखवून दिले होते. वतन वंशपरंपरागत झाले की काम येवो न येवो, हक्क चालू राहतो. एका वतनाचे भाऊबंदांत तुकडे पडतात, हक्क घ्यायला सारे पुढे होतात आणि कामाला पाळी कुणाची यावर वाद होतो. याहून गंभीर बाब महार वतनाची. तिथे कामाला मर्यादा नव्हती, वेळेचे बंधन नव्हते, आणि मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते याचसाठी. पुढे १९५८च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी झाली. गावाचा चाकर निष्ठेने राबत होता असे जुनी माणसे सांगतात, तेव्हा ज्याला गाव सोडून जाण्याची मोकळीक नव्हती त्याच्या राबण्याला निष्ठा म्हणावे काय, हा प्रश्न आपण त्यांना आदरपूर्वक विचारला पाहिजे.

आता आपल्या गोमंतकाकडे वळू. येथे गावकरी ही संस्था होती, अजूनही आहे. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. १५२६ साली आफोन्सू मेशिया याने तिच्या चालीरीतींचे फोराल तयार केले. त्यात गावकारांना पडीक जमीन लागवडीला देण्याचे अधिकार आहेत, आणि देवळाचा पुजारी, लेखनिक, धोबी, सुतार, लोहार अशा गावाच्या सेवकांना जमीन देण्याची तरतूदही आहे. म्हणजे इथेही सेवेचा मोबदला जमिनीच्या रूपाने, आणि देणारा गाव. गावाची शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात. येणाऱ्या उत्पन्नातून सरकारदेणे, देवस्थानाचा खर्च, सेवकांचा मोबदला, बांधांची दुरुस्ती हे सारे आधी भागे; मग जे शिल्लक राही ते गावकारांत 'झोण' म्हणून वाटले जाई. या क्रमाकडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाते. मालकाचा वाटा शेवटी होता. चाकराचे आणि बांधाचे भागल्यावाचून मालकाला काही मिळत नसे. आणि काम बिघडले की पुढल्या वर्षीची झोण आटे. त्यामुळे मालकाला चाकराकडे पाहावेच लागे.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते खाजन शेतीत. मांडवी आणि जुवारीच्या काठाने, सासष्टीत, तिसवाडीत, बारदेशात भरतीच्या पातळीखालची ही जमीन आपल्या पूर्वजांनी चिखलाचे आणि चिऱ्यांचे बांध घालून खाडीकडून मिळविली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. या साऱ्या व्यवस्थेचे हृदय म्हणजे मानस. चिऱ्यांच्या खांबांत बसविलेले लाकडी दरवाजे, भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारे आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडणारे. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की इथे माणसाला कामच नाही.

प्रत्यक्षात मानस राखणाऱ्याचे काम घड्याळाच्या नोकरीहून कठीण. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून त्याच्या कामाची वेळ रोज बदलते; आज दुपारी तर आठवड्याने रात्री. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण निराळे आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती निराळी. आतल्या पाण्याची पातळी किती ठेवायची त्याप्रमाणे फळ्या घालाव्या वा काढाव्या लागतात. दरवाजात काटकी अडकली तर तो पुरता मिटत नाही. खेकडे बांधाला भोके पाडतात आणि बोटभर भोकाचे एका उधाणात भगदाड होते, म्हणून बांधावरून फिरून पाहावे लागते. जूनच्या पावसाने जमिनीतला खार धुऊन जाईपर्यंत थांबावे लागते. मगच कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात लावता येते. खारे पाणी अवेळी आत शिरले तर ते पीक तर जातेच, पुढचे एखादे-दुसरे वर्षही जमीन सावरत नाही.

अशा माणसावर देखरेख कोण करणार? मध्यरात्री दोन वाजता बांधावर कुणी तपासनीस जात नाही. हजेरीपट चालत नाही. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते बापाकडून वा थोरल्या सोबत्याकडून, बांधावर उभे राहूनच मिळे. त्याच्या कामाची परीक्षा एकच, आणि ती म्हणजे शेतातले पाणी. ते पाणी रोज पाहणारे लोक बांधाच्या आत राहत होते, कसत होते, आणि बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी त्यांच्याही मंडळांवर होती. मानशीतल्या मासळीचा लिलाव तेव्हाही होई; गावाला ते उत्पन्न हवेच असे. पण मासळी हे दुय्यम उत्पन्न होते आणि भात हे मुख्य. मानस कधी उघडावी हे भात ठरवीत असे.

हे बिघडले कसे? एका घावाने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांचे खरेदी-विक्री करता येण्याजोगे भाग निघाले आणि ज्याने शेत पाहिले नाही अशा माणसालाही गावाच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला. गावकार पोटासाठी मुंबईला, आफ्रिकेला गेले. झोणेवर हक्क राहिला, बांधावरचा डोळा गेला. दुसरीकडे सरकारी प्रशासकाचा हात वाढत गेला. १९६१च्या संहितेत, जी आजही कोमुनिदादींना लागू आहे, कारकुनाचे वेतन गावाच्या पैशांतून जाते आणि त्याच्यावरची सत्ता मात्र प्रशासकीय कचेरीची. कारकुनाने मान कुणाकडे वळवावी? तो कचेरीकडे पाहतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. पैसे देणारा एक आणि जाब विचारणारा दुसरा असला की शहाणा माणूस जाब विचारणाऱ्याची मर्जी राखतो.

त्यानंतर १९६४चा कूळ कायदा आला, आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कुळांना मालकी मिळाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्याय्यच झाले. त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. १९७५च्या नियमांनी बांधांची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघांकडे दिली, तीही तत्त्वतः योग्य हाती. पण पुष्कळ ठिकाणी शेती तोट्याची झाली, तरुण नोकरीला लागले, शेते पडीक राहिली आणि कोळंबीचा भाव चढला. दुय्यम उत्पन्न मुख्य झाले. मानशीचा लिलाव जो घेतो त्याच्याच हाती दरवाजे आले. त्याला कोळंबी हवी, म्हणून खारे पाणी आत हवे. त्याचा नफा बांधाच्या आत नव्हे तर बाजारात मोजला जातो, आणि त्याच्या चुकीची किंमत भात लावणारा मोजतो. हा माणूस आळशी नाही, अडाणी नाही, कामचुकारही नाही. तो रात्री दोनला बांधावर हजर असतो. तो फक्त दुसऱ्याच धन्यासाठी काम करतो आहे. प्रशिक्षण देऊन किंवा सत्कार करून यात काय बदल होणार? लिलावाच्या अटींत पाण्याची पातळी आणि तारखा लिहिल्या, त्या मोडल्यास अनामत जप्त करण्याचा अधिकार भात लावणाऱ्यांच्या हाती दिला, तर काही होईल.

याच्या उलट उदाहरण आपल्याहून फार दूर नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने दूध संघ नोंदला गेला, तेव्हा त्यात अवघ्या दोन गावांच्या संस्था होत्या. पुढे त्यातूनच अमूल उभे राहिले. गावच्या दूधसंस्थेचा मंत्री हा गावानेच नेमलेला, संस्थेच्या कमाईतून पगार घेणारा माणूस. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासद, बहुधा घरातली बाई, भांडे घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. तिच्यासमोर माप होते, स्निग्धांश पाहिला जातो, नोंद होते. दिवसातून दोनदा खळे! वर्षातून एकदा सभा घेऊन जे साधत नाही ते इथे रोज साधते. डॉ. कुरियन १९४९ साली आणंदला आले आणि शेवटपर्यंत स्वतःला शेतकऱ्यांचा नोकर म्हणवीत राहिले. त्यांच्याइतका मानी माणूस हे म्हणू शकला, कारण त्याचे धनी खरोखर हजर होते. (जाता जाता: याच चळवळीवर श्याम बेनेगलांनी १९७६ साली 'मंथन' काढला. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन तो उभा केला, आणि त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. मराठीच्या अभ्यासक्रमात तिचा उल्लेख मला कधी आढळला नाही.)

गडचिरोलीतील मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथे तर बांबू तोडणारा आणि बांबूचा मालक एकच. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' आपल्या ग्रंथालयात असेल तर जरूर वाचावे. नसेल तर आणावे.

आता गुरुजींकडे येतो.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना धर्माचे व शिक्षणाचे थोडे स्वातंत्र्य मिळाले. त्यानंतर गावोगाव देवळांच्या अग्रशाळांत, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या माडीवर मराठी शाळा सुरू झाल्या. शिक्षक बहुधा सावंतवाडी-मालवणकडून आलेला. राहायला खोली, जेवायला घरोघरचे वार, आणि महिन्याकाठी वर्गणीतून जमेल तेवढा पगार. ही शाळा सरकारची नव्हती, कुणा सावकाराची नव्हती. ती गावाची होती, आणि गुरुजी गावाचे चाकर. गावाच्या मालकीचा याहून चांगला उद्योग आपल्या भागात क्वचितच निघाला असेल.

आपल्या संस्थेच्या कपाटात त्या काळची वर्गणीची वही आहे. कार्यवाहांनी ती मला दोन दिवस पाहू दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कुणाचे आठ आणे, कुणाच्या चार पायल्या भात, कुणाचे नारळ. दर वर्षी दसऱ्याच्या आधी देवळाच्या सभामंडपात मुलांची उघड परीक्षा होई. आईबापांसमोर मुले पाढे म्हणत, मोडी पत्र वाचून दाखवीत. त्या दिवशीच वर्षाची वर्गणी ठरे. काम आणि मोबदला पुन्हा एकाच मंडपात! त्या वर्षांत पटसंख्या वाढत गेलेली दिसते.

मग काही वर्षे परीक्षेची नोंद नाही. कार्यकारी मंडळींपैकी काही मुंबईला गेली होती, उरलेल्यांत देवळाच्या मानापमानावरून तट पडले होते. 'बाकी' या सदरात गुरुजींच्या पगाराचे आकडे एका महिन्यावरून दुसऱ्या महिन्यावर ओढत नेलेले आहेत. सलग अकरा महिने. आणि त्याच पानांत एक तक्रार नोंदली आहे: गुरुजी सकाळी एका श्रीमंत घरी शिकवणीला जातात, त्यामुळे शाळा तासभर उशिरा भरते, तरी त्यांना समज द्यावी.

गुरुजींच्या स्मृतिदिनी त्यांच्या उशिरा येण्याची गोष्ट सांगावी का, याचा मी विचार केला. सांगावी असे ठरविले, कारण त्यांच्या थोरवीला तिने उणेपणा येत नाही, आणि ती लपविली तर गावाचा हिशेब लपतो. समज देण्याचा ठराव झाला. बाकी देण्याचा ठराव त्या पानांत नाही. पगार मागायला गेल्यावर 'गुरुजी, तुम्ही तर आमचेच' असे उत्तर मिळे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. ते हे हसून सांगत. 'आमचेच' या शब्दाने गावाने किती लोकांचा पगार बुडविला असेल! आदर हा पगाराच्या जोडीला शोभतो. पगाराऐवजी दिला की तो आदर राहत नाही.

पुढे सभामंडपातली परीक्षा पुन्हा सुरू झाली. कुणी सुरू केली ते वहीत लिहिलेले नाही, पण अक्षर बदललेले आहे. हिशेब एका बाईंच्या हाती गेलेला दिसतो. त्या वर्षापासून वर्गणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा आहे, आणि शाळा उशिरा भरल्याची तक्रार पुन्हा नाही. गुरुजी तेच होते.

१९६१ नंतर, विशेषतः १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आल्यावर, प्राथमिक शाळा खेडोपाडी पोचल्या. आपली शाळा वाढली, माध्यमिक झाली, अनुदान मिळू लागले. शिक्षकांना पूर्ण आणि नियमित पगार मिळतो, ही फार मोठी गोष्ट झाली. वार लावून जेवणाऱ्या गुरुजींच्या पिढीने जे सोसले ते कुणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नये. पण पगार खात्याकडून, नेमणूक संस्थेकडून आणि मुले गावाची, अशी कोमुनिदादीच्या कारकुनासारखीच विभागणी आपल्याकडेही झाली आहे. म्हणून माझी संस्थेला एक सूचना आहे. पालकसभा कागदावर होते, निकाल संगणकावर लागतात. वर्षातून एक दिवस, दसऱ्याच्या आधी, त्याच सभामंडपात मुलांना गावासमोर उभे करावे. आणि त्याच दिवशी संस्थेने गावाला आपला हिशेब वाचून दाखवावा. शिपाई आणि कंत्राटी सफाई कामगार यांचे वेतन कोणत्या तारखेला दिले, हेही त्यात वाचावे.

त्या वहीतली अकरा महिन्यांची बाकी फेडल्याची नोंद मला शेवटच्या पानापर्यंत सापडली नाही. गुरुजींचे कुटुंबीय आज पहिल्या रांगेत बसले आहेत. व्याख्यानाचे मानधन म्हणून संस्थेने मला जे पाकीट दिले आहे ते मी त्या खात्यावर जमा करण्यासाठी कार्यवाहांकडे परत देत आहे. उरलेल्या रकमेचे माजी विद्यार्थ्यांनी पाहावे.